बाहुलीची पाठवणी

सिंहस्थ लागला की लग्नं बंद, हे सारसोळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सिंहस्थापायी एखाद्याची पीएच.डी. अडते, हे अडुसष्ट सालच्या वैशाखापर्यंत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अडली होती जयदेवची. खाडीत जाळं टाकणाऱ्या चांगदेवचा हा धाकटा मुलगा, गावातला पहिला एम.ए. जूनपासून पनवेलच्या शाळेत मास्तरकी मिळत होती आणि बाप एवढ्यावरच हरखून गेला होता. पण जयदेवला धवल्यांवर प्रबंध लिहायचा होता. खाडीकाठच्या लग्नात धवलारीण मांडवात बसून जी गाणी म्हणते, ते धवले. हळदीचं गाणं वेगळं, पाठवणीचं वेगळं. ती ऐकायची बायकांनी. पुरुष मांडवाबाहेर पत्ते कुटत बसायचे, त्यामुळे जयदेवला प्रत्येक गाण्याची फार तर पहिली ओळ यायची.

ठाण्याच्या मालतीबाई त्याच्या मार्गदर्शक होणार होत्या, म्हणजे झाल्या तर. बाईंची शिस्त कडक. अनुस्वार चुकला तरी कपाळाला आठी, आणि खोटं तर त्यांना कवितेतही खपत नसे. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "समिती विचारणार, या गाण्यांना वाङ्मय का म्हणायचं? पाठवणीचा एक अख्खा धवला लिहून आणा. मला पटलं तर अर्जावर सही करीन. सही नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर शिष्यवृत्तीही नाही. मुदत मेअखेर. फीचे पैसेही तयार ठेवा."

जयदेव उड्या मारतच घरी आला. गावची धवलारीण म्हणजे त्याची सख्खी मैनाआत्या! काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? पण हा कळसा भलताच जड निघाला.

"नाय गानार," मैनाआत्या म्हणाली. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. "नवरी कुठं हाय? नवरी नसताना पाठवनी गायली, तर घरातलंच कोनतरी निंगून जातं."

"आत्या, नुसतं सांग. गाऊ नको."

"पाठवनी काय सांगायची गोष्ट हाय? मांडव पायजे, हळद पायजे, नवरी पायजे, नवरीची आय पायजे. मंग तोंडातून आपसूक येतं."

"सिंहस्थात नवरी कुठून आणू?" जयदेव वैतागला. "बाहुल्यांचं लग्न लावू का?"

तो बोलला रागाने, पण आत्याच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "बाहुल्यांची पत्रिका कोन बघतंय?" ती हळूच म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून ओरडली, "चांगदेवा, मांडव घाल! आपल्या घरात लगीन हाय!"

चांगदेवने आधी कपाळाला हात लावला आणि मग कोयता घेऊन बांबू तोडायला गेला. बहिणीपुढे त्याचं कधीच काही चाललं नव्हतं. आत्याने जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांचे नवरा-नवरी शिवले. वर्ष होत आलं होतं, गावात अक्षता पडल्या नव्हत्या आणि बायकांचे गळे सुकले होते. बातमी फुटली, आणि ज्यांना बोलावलं नव्हतं तेही विचारू लागले, "हळद कवा हाय?" जयदेवने मालतीबाईंनाही कार्ड टाकलं. त्या येतील असं त्याला मुळीच वाटलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी बाई बांधावरून छत्री टेकत चालत आल्या. "तुमच्या कार्डात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, म्हणून आले," त्या म्हणाल्या.

मैनाआत्याने त्यांना नीट न्याहाळलं. "बाय, तुला लेक हाय?"

"नाही. माझं लग्न झालेलं नाही."

"मंग ही घे," म्हणून आत्याने नवरी त्यांच्या ओटीत ठेवली. "आय नसलेली नवरी मी उजवत नाय."

बाईंनी तोंड उघडलं, पण मांडवातल्या बायकांनी त्यांच्या गालाला हळद फासली आणि व्याकरण तिथेच संपलं.

जयदेव ठरला नवऱ्याचा बाप. कानाला पेन्सिल, काखेत वही, असा तो जय्यत तयारीने मांडवात शिरला. पण नवऱ्याच्या बापाला लिहायला फुरसत कसली! हळदीत हात कोपरापर्यंत माखले. हात धुतो न धुतो तोच पोरांनी नाचायला ओढला. अक्षता पडल्या, तांदळाचे वडे वाढून झाले आणि आहेर सुरू झाला. सगळं गाव रांगेने आलं. कुणी रुपया ठेवला, कुणी नारळ. फीचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला.

"फुकट नाय हा," आत्याने बजावलं. "आहेर परत करावा लागतो. सिंहस्थ सुटला का यातल्या प्रत्येकाच्या घरी लगीन हाय. दरेक लग्नाला जायचं आनि मांडवात माज्या बाजूला बसायचं."

जयदेवला आधी घाम फुटला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: दरेक लग्नाला म्हणजे दरेक धवल्याला! फेडताना प्रबंध आपोआप होणार होता. त्याने भर मांडवात आत्याला उचललं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

मग पाठवणी. नवरा-नवरीला घेऊन जायला जयदेव ताट धरून उभा राहिला. आत्याने डोळे मिटले.

"भरती आली गो आये, होडी लागली दारी,
तुज्या वटीची लेक चालली परक्याच्या घरी..."

गाणं लांबलचक होतं. आईने लावलेल्या जाईचं, विझलेल्या चुलीचं, दारात राहिलेल्या पावलांचं. मालतीबाईंनी चिंध्यांची ती बाहुली छातीशी घट्ट धरली आणि त्या हमसून हमसून रडल्या. कुठल्याही नवरीच्या आईची सोडवावीत, तशी बायकांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि नवरी जयदेवच्या ताटात ठेवली.

गाणं संपलं आणि जयदेव भानावर आला. वही काखेतच होती. उघडली, तर आत पिवळ्या बोटांचे ठसे, अक्षर एकही नाही.

"आत्या, पुन्हा एकदा..."

"नवरी गेली. आता गायली तर कोन जाईल?"

तो कोरी वही घेऊन बाईंपुढे उभा राहिला. "बाई, लिहायचं राहिलं."

बाईंनी पदराने डोळे पुसले. "वाचून पटेल असं मला वाटलं होतं. न वाचताच पटलं. समितीला काय सांगायचं ते मी बघते. अर्ज आणा."

अर्ज खाटेवर ठेवून बाई भरू लागल्या. सारं गाव वाकून बघत होतं. एका रकान्याशी त्यांचं पेन थांबलं.

"काय झालं?" जयदेवने घाबरून विचारलं.

"मार्गदर्शकाचं उमेदवाराशी नातं आहे का, असं विचारलंय. असलं तर नोंदणी होत नाही."

बाईंनी ताटातल्या बाहुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग 'नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलंय, व्याहीबुवा," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या लेकीला नीट सांभाळा."