संकेत कुठला गं?

कतारगामच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवणाऱ्या विशाखानं सुरतेतल्या मराठी कारागिरांसाठी वेबसाइट बनवली, ही एकोणीसशे नव्व्याण्णवची गोष्ट. कुठल्या कारखान्यात लूम चालवायला माणूस हवा, ते एका बटणावर कळायचं. सगळं इतकं सोपं, की तिच्या आईलाही जमावं.

तिथल्या मराठी मंडळाच्या सभेत दाखवायचं ठरलं. तिच्याबरोबर त्यात खपलेला राकेश म्हणाला, "वेबसाइटच म्हण." पण हिला शुद्ध मराठीचा भारी सोस! माइक धरून म्हणाली, "समाजासाठी मी संकेतस्थळ आणलंय."

झालं! बायका पुढे सरसावल्या. "संकेत नाव का मुलाचं? कुठला गं तो?"

विशाखा घसा कोरडा पडेपर्यंत समजावत राहिली. पडद्याकडे कुणी मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी क्लासात मुलींचे फोटो येऊन पडले, संकेतला दाखवायला. काम शोधायला मात्र कुणी फिरकलं नाही. कुठे माणूस हवा, ते पानाच्या टपरीवर कळत होतंच.

दिवाळीनंतर राकेश नोकरीसाठी बंगलोरला गेला. ज्या कंपनीनं इंटरनेटवर फुकट जागा दिली होती, ती बुडाली आणि वेबसाइटही पुसली गेली. विशाखा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. शेजारणींनी विचारलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पोरीचं ते संकेतस्थळ गेलं."

संध्याकाळी बायका जमल्या. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे बाई तो संकेत. दुसरं स्थळ मिळेल."

विशाखा हसायला गेली आणि तिला हुंदका फुटला. मग तर बायकांची खात्रीच पटली.