विरघळायची राहून गेलेली कांडी

मी एक जुनी कांडी आहे. 'जुनी' हा शब्द उच्चारतानाही मला शरम वाटते, कारण मित्रांनो, आमच्या कुळात कुणी जुनं होतच नाही. खुर्ची जुनी होते, छत्री जुनी होते, घड्याळ जुनं झालं की लोक त्याचं कौतुकही करतात. आम्ही मात्र विरघळण्यासाठीच जन्माला येतो. माणसाच्या दंडात कातडीखाली बसायचं, पोटातलं औषध रोज थोडं थोडं सोडायचं आणि औषध संपता संपता आपणही संपून जायचं. काढायची कटकट नाही, टाकायची नाही. जिचं काम चांगलं झालं ती कांडी मागे उरत नाही. मी उरले आहे, यावरून काय ते समजा!

दिसायला मी अगदी साधी. काडेपेटीतल्या गुल नसलेल्या काडीचा अर्धा तुकडा असावा तेवढी. एके काळी पांढरीशुभ्र होते, आता पिवळट पडले आहे. एका खोलीत, खिडकीशेजारच्या फळीवर, काचेच्या छोट्या बाटलीत मी उभी असते. नवख्या माणसाला वाटतं, कुणी तरी खडूचा तुकडा जपून ठेवलाय. वाटू दे. माझी गोष्ट फार लांबलचक नाही, आणि सुखाची तर मुळीच नाही. पण ऐकाच.

माझं मूळ म्हणजे बारीक मण्यांसारखे पांढरे दाणे. दूध आंबतं तेव्हा त्यात जे आम्ल तयार होतं, त्या आम्लाचे आणि त्याच्याच एका भावंडाचे कण एकाला एक जोडून माणसं लांबच लांब साखळ्या बनवतात. त्या साखळ्या म्हणजे आम्ही. अंगात गेल्यावर पाणी त्या साखळीच्या कड्या हळूहळू सोडवत जातं, आणि आत अडकवलेलं औषध तसतसं बाहेर पडतं. साखळी लांब असेल तर औषध महिनोन्‌महिने पुरतं. ती आधीच तुटकी निघाली, तर सगळं मुसळ केरात!

म्हणजे पाणीच आमचा सोबती आणि पाणीच आमचा वैरी. अंगात शिरल्यावर ते हवं, त्याआधी त्याचा वाराही नको. म्हणून दाण्यांची चंदेरी पाकिटं फ्रीजरमध्ये ठेवतात. बाहेर काढलेल्या पाकिटाला घाम फुटतो, थंड पाण्याच्या ग्लासाला फुटतो तसा. तो आपोआप वाळेपर्यंत, पाकीट खोलीइतकं कोमट होईपर्यंत, कात्री लावायची नाही. लावली, तर हवेतली ओल आत घुसून थेट गार दाण्यांवर बसते. डोळ्यांना दिसत नाही, पण बसते. आमच्या प्रयोगशाळेत नवं माणूस आलं की त्याला पहिला धडा हाच मिळायचा, "पाकिटाला घाम, तर आपल्याला आराम. जा, चहा पिऊन या."

मला घडवणाऱ्या बाईंना हा आराम कधी जमलाच नाही. प्रयोगशाळेत त्यांचं नाव पडलं होतं घाईबाई. जेवायचं तर उभ्याने, जिना चढायचा तर एक पायरी गाळून, बोलायचं तर वाक्याचं शेपूट गिळून. प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या मॅडम म्हणायच्या, "सावकाश औषध सोडणारी कांडी करायची, आणि करायला कोण? तर ही! उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!" सगळे हसायचे. घाईबाईही हसायची. तिच्या घाईचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं.

ते कारण म्हणजे तिची थोरली बहीण. ताई कपडे शिवायची, आणि असे शिवायची की उलटं करून पाहिलं तरी सुलटं वाटावं. पण कुणी बोलत नसताना ताईला आवाज ऐकू यायचे. ते तिला टाकून बोलायचे, भीती घालायचे. गोळ्या घेतल्या की आवाज लांब जायचे. मग ताई म्हणायची, "आता मी ठणठणीत आहे, गोळ्या कशाला?" गोळ्या बंद झाल्या की आवाज पुन्हा दारात हजर. आई बिचारी समजावून थकली. शेवटी तिने गोळी कुटून ताईच्या जेवणात कालवायला सुरुवात केली. एक दिवस ताईच्या जिभेला कडू लागलं. तेव्हापासून ताई घरचं जेवेना. बंद पुड्यातली बिस्किटं, तीही स्वतःच्या हाताने फोडून, एवढंच तिच्या पोटात जायचं. आईने वाढलेल्या ताटाकडे पोटची लेक संशयाने बघते, यापेक्षा वाईट काय असतं, सांगा बघू!

घाईबाईला एकच ध्यास होता. ताईच्या दंडात कांडी बसली की रोजची गोळी नको, रोजचं भांडण नको, ताटात लपवाछपवी नको. कांड्या माणसांना देऊन पाहायची वेळ जवळ आली होती. डॉक्टरांनी ताईला सगळं नीट समजावलं होतं, आणि पुष्कळ दिवस विचार करून ताईने हो म्हटलं होतं.

माझा जन्म त्याच कांड्यांबरोबर झाला. सकाळची वेळ होती. दाणे वितळवून बारीक भोकातून दोरीसारखे ओढून काढणारं यंत्र तापत होतं, पाकीट नुकतंच फ्रीजरमधून टेबलावर आलं होतं. तेवढ्यात घाईबाईचा फोन वाजला. आईचा होता.

"अगं, ताईने आतून कडी घातलीय. हाका मारल्या तर ओ देत नाही. लवकर ये गं बाई!"

"आलेच," असं म्हणून तिने फोन ठेवला. पाकिटावर टपोरा घाम होता. यंत्र तापलेलं, कांड्या काढूनच निघावं म्हणून तिने तो रुमालाने पुसला. पाकीट कोरडं दिसलं. तिने कात्री लावली. आता तुम्हीच सांगा, घाम पुसला म्हणून कुणाचा ताप उतरतो का? पण जिवाला घोर लागला की शहाण्या माणसालाही हे सुचत नाही.

यंत्र सरळ चालतंय का, हे पाहायला आधी काही कांड्या औषध न घालता काढतात. मी त्यांतली. म्हणजे मी रिकामी आहे मित्रांनो, माझ्यात औषधाचा कणही नाही. माझ्यामागून औषध मिसळलेल्या माझ्या बहिणी बाहेर आल्या, सगळ्या एका मापाच्या, गुळगुळीत, ताठ. मोठ्या मॅडमनी एक उचलून उजेडात धरली. "वा! अशी सरळ कांडी आजवर आली नव्हती. दृष्ट लागेल!" आम्ही नुसत्या फुगलो. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं?

बाकीचं काम इतरांवर सोपवून घाईबाईने मॅडमना विचारलं आणि मला बाटलीत घालून घरी पळाली. ताईच्या दारापाशी बसून बराच वेळ बोलत राहिली, तेव्हा कडी निघाली.

"ही बघ. हिच्यात औषध नाही, नुसती दाखवायला आणलीय. पण तुझी अश्शीच असेल."

ताईने बाटली डोळ्यांजवळ नेली. "एवढीशी?"

"एवढीशीच."

"आणि मग गोळी घेतली का, म्हणून मला कुणी विचारणार नाही?"

"कुणी नाही."

"आईसुद्धा?"

"आईला मी बघते ना!"

ताई हसली. पुढच्या दाताच्या कडेवर दोरा तोडून तोडून पडलेली बारीक खाच मला त्या हसण्यात दिसली. "मग ही माझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली, आणि तिने मला फळीवर, रिळांच्या डब्याशेजारी ठेवलं.

माझे सुखाचे दिवस म्हणाल तर तेवढेच. ताई सकाळी उठली की आधी माझ्याकडे बघायची. एक दिवस तिने निळं कापड काढलं आणि स्वतःसाठी झगा शिवायला घेतला. त्याची डावी बाही तिने खांद्यापासून कोपरापर्यंत उघडी ठेवून तिला बटणं लावली. "डॉक्टरांना दंड मोकळा हवा ना," ती मला म्हणाली. बटणांची काजं तिने इतकी मन लावून केली की मला वाटलं, आता हिचं बरं होणार.

पण त्याच दिवसांत ती रोजची गोळी हातात घ्यायची, पाणी प्यायची आणि गोळी रिळांच्या डब्यात टाकायची. कांडी येणारच आहे, मग आता गोळी कशाला? असा साधा सरळ हिशेब. घरात कुणी तिला विचारत नव्हतं. विचारायचं नाही, असं ठरलंच होतं ना! मी सगळं पाहत होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

तिकडे माझ्या बहिणींची परीक्षा चालली होती. अंगाइतक्या उबदार, खारट पाण्यात त्यांना बाटल्यांमधून हलवत ठेवलं होतं. पहिले काही आठवडे औषध थेंबाथेंबाने येत राहिलं. सगळे खूश. आणि मग एकाएकी त्या मधूनच भुसभुशीत झाल्या, आणि महिनोन्‌महिने पुरायचं औषध थोड्या दिवसांत भसकन बाहेर आलं. माणसाच्या अंगात असं झालं असतं तर? नुसत्या विचाराने माझ्या अंगावर काटा येतो. दाण्यांच्या साखळ्या त्या ओलीने यंत्राच्या तापातच तुटल्या होत्या.

दोष यंत्रावर ढकलता आला असता, दाणे विकणाऱ्यावर ढकलता आला असता. घाईबाईने ढकलला नाही. मोठ्या मॅडमपुढे उभी राहून तिने सांगितलं, घाम पुसून पाकीट फोडलं, मी फोडलं. सगळ्या कांड्या नष्ट झाल्या. माणसांवरची चाचणी कधी तरी पुढे, असं ठरलं. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

ताईच्या खोलीत तोवर आवाज परतले होते. खिडकीच्या फटी तिने कापडाच्या चिंध्यांनी बुजवल्या होत्या. अंगात निळा झगा, डाव्या बाहीची बटणं उघडी.

"आणलीस?" ताईने विचारलं.

"नाही गं. त्या बिघडल्या. पुन्हा करायला लागतील."

ताईने मला उचललं. "मग हीच घाल."

"ही रिकामी आहे ताई. सांगितलं होतं ना तुला?"

"कुणी बिघडवल्या?"

"मी. त्या दिवशी आईचा फोन आला, आणि मी घाई केली."

ताईने मला परत फळीवर ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझं चुकलं की ती चूक. माझी गोळी चुकली की मी वेडी. असं का गं?"

घाईबाई तिथेच जमिनीवर बसून हुंदके देऊन रडली. तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं, असं मला वाटतं. पण काय द्यायचं, हे मलाही सांगता येणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई अनवाणी घराबाहेर पडली. लोकांनी तिला दूरच्या पुलावरून आणलं. मग इस्पितळ. आईला रिळांच्या डब्यात गोळ्यांचा खच सापडला, आणि ती डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. ताई फार दिवसांनी घरी आली ती दुसरीच होऊन. आवाज कमी झाले होते, पण ताईचाही आवाज कमी झाला होता. तिचे हात थरथरायचे. सुईत दोरा जाईना. तिने शिवणयंत्रावर चादर घातली ती घातलीच.

घाईबाईने कानाला खडा लावला. आता म्हणे पाकीट टेबलावर असलं की ती शेजारी हात बांधून बसते, आणि कुणी चेष्टा केली तरी उठत नाही. नव्या कांड्या चांगल्या निघाल्या. त्या अनोळखी माणसांच्या दंडात गेल्या, तिथे गुपचूप विरघळल्या. त्यांतले काही लोक पुन्हा कामाला जाऊ लागले, घरच्यांसोबत एका ताटात जेवू लागले. माझ्या कुळाचं सार्थक झालं. या खोलीपुरतं तेवढं राहून गेलं.

कारण घाईबाईने ताईला पुन्हा विचारलं, तेव्हा ताईने मान हलवली. नाही.

"अगं, ती झोपलेली असताना घालून टाका ना," आई दाराबाहेर कुजबुजली. "तिला कळायचंही नाही."

"नाही आई."

"डॉक्टर तुझं ऐकतील."

"ऐकले तरी नाही. जेवणात कालवलीस तेव्हा काय झालं ते आठव. आता ती हो म्हणेल तेव्हाच."

"आणि नाहीच म्हणाली तर?"

आईने पदराने डोळे पुसले आणि ती आत गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने तुम्हाला उपदेश करावा, एवढी काही माझी योग्यता नाही. मी तर जिच्यासाठी आले तिच्याही कामाला आले नाही. पण इतकी वर्षं एका जागी उभं राहून एक कळलं आहे. तुमच्या घरात कुणाचं औषध चुकत असेल, तर त्यांच्यावर खेकसू नका, त्यांच्या ताटात काही लपवू नका. आणि 'आता तिला कुणी विचारायचं नाही' असं म्हणून पाठही फिरवू नका. शेजारी बसा. विचारा. चुकलं तर, आपलंही चुकतं, हे त्यांना मोठ्याने सांगा. औषध चांगलं बनवायला माणसं रक्ताचं पाणी करतात, पण ते घेणाऱ्याचा विश्वास एकदा तुटला की तो जोडणारं यंत्र अजून कुणाला सापडलेलं नाही.

दर रविवारी घाईबाई येते. पलंगाच्या कडेला बसते, ताईचा थरथरणारा हात हातात घेते आणि विचारते, "ताई, घालूया का गं?" मग वाट बघते. तिला आता पुष्कळ वेळ असतो. मी फळीवरून ऐकत असते.

ताईने अजून हो म्हटलेलं नाही.