एका पिंपाचं घर

भांडण तेलावरून झालं, आणि तेही खायच्या तेलावरून नव्हे.

धाकट्यानं गाडीसाठी दुकानातून इंजिन ऑइलचा डबा आणून गोठ्याच्या भिंतीशी ठेवला होता. थोरल्यानं डबा पाहिला, गोठ्यातलं पिंप पाहिलं, पुन्हा डबा पाहिला. मग असा आवाज लावला की शेजारी आमच्या हातातला घास हातातच राहिला.

"हे कुणाचं?"

"गाडीचं, दादा."

"गाडी कुणाची?"

"आपली."

"मग पिंप कुणाचं?"

पिंप बापाच्या वेळचं. ट्रॅक्टर, पाण्याचं इंजिन, मळणीचं यंत्र, घरातली सगळी डिझेलवर चालणारी धुडं त्या पिंपातलं इंजिन ऑइल पीत. मरताना बाप म्हणाला होता, एका पिंपातून तेल घ्या. बहुधा तो काटकसरीचं बोलत असावा. थोरल्यानं ते मृत्युपत्र धरलं. त्यातून आमच्या गावात वाटणीची सुरुवात नेहमी अशाच एखाद्या डब्यानं होई. आधी डबा वेगळा, मग चूल, मग अंगणात भिंत.

"दादा, पिंपातलं तेल डिझेल इंजिनाचं. गाडी पेट्रोलची आहे."

"इंजिनाला काय कळतं?"

"त्यालाच तर कळतं!"

"आणि मला कळत नाही, असंच ना?"

दारातून थोरली वहिनी म्हणाली, "ताट एक चालतं भावजी, तेल तेवढं चालत नाही होय?"

गाडीवर धाकट्याचा जीव होता. ती घेण्याआधी तो कितीतरी वर्षं शहरात दुसऱ्याची गाडी हाकत होता आणि स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा येत होता. पोरगी त्याला बघून आईच्या मागे लपायची. मग ही जुनी गाडी मिळाली. गावची माणसं दवाखान्यात, बाजारात न्यायची आणि संध्याकाळी आपल्या दारात उतरायचं. पोरगी आता हॉर्न ओळखून धावत येई.

तो मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री बॉनेटमधून डोकं न काढता म्हणाला, "डिझेलचं तेल एकदा घातलंस तर गाडी मरत नाही. सवय लावू नकोस. तुझं इंजिन जुनं, थोडं तेल जाळतंच. त्या तेलात इंजिन धुवायचा मसाला जास्त असतो, तो जळला की राख होते. सायलेन्सरच्या वाटेत धूर गाळायची जाळी आहे ना, तिच्यात बसते. जाळी तुंबली की गाडी गुदमरली."

"हे तू दादाला सांगशील?"

"मी? अरे, त्यांचा ट्रॅक्टर माझ्याकडे येतो."

घरी थोरला जेवणावरून उठला होता. म्हातारी आई डोळ्याला पदर लावून बसली होती. धाकट्यानं मुकाट्यानं डबा दुकानात परत केला.

गुपचूप दुसरं तेल घालावं, तर तीही सोय नव्हती. तेल थोरला स्वतःच्या हातानं ओतायचा. पिंपातून मापानं काढायचा, आधी ट्रॅक्टर, मग इंजिन, शेवटी गाडी. पोरांना सारखं वाढावं तसं.

पहिल्यांदा घातलं तेव्हा गाडी खरंच गुपचूप चालली. दाट तेलानं जुन्या इंजिनाची खडखड दबली. थोरला गावभर सांगत सुटला, "आवाज बघा कसा बसलाय! म्हणे पेट्रोलला वेगळं!" आम्हीही माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

दोन-चार वेळा तेल बदलून झालं आणि गाडी चढावर दमायला लागली. मागे निळा धूर, पुढे बैलगाडीची चाल. धाकटा म्हणायचा, "मावशी, चढापुरतं उतरा."

"बाबा रे, भाडंही आम्ही द्यायचं आणि चालायचंही आम्हीच?"

लोक हसले. हसत हसत दुसऱ्या गाडीनं जायला लागले. मग धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली. मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "नवी जाळी घालायची, तर तेवढ्यात अशी दुसरी गाडी येईल." सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. थोरला जवळच उभा होता.

"गाडीच खराब निघाली," थोरला म्हणाला. "आमच्या ट्रॅक्टरला बघ, कधी काही झालंय?"

धाकटा पुन्हा शहरात गेला, दुसऱ्याची गाडी हाकायला. एसटीच्या पायरीवर त्याचा हात धरून थोरला रडला. खरंच रडला, माणूस वाईट नव्हता, ही तर सगळी अडचण. म्हणाला, "गाडी गेली तर गेली. घर फुटू दिलं नाही आपण."

"हो दादा."

गाडी गोठ्यापाशी उभी आहे. चाकं बसलीत, कोंबड्या आत-बाहेर करतात. परवा तेल बदलायचा दिवस होता. थोरल्यानं ट्रॅक्टर केला, पाण्याचं इंजिन केलं आणि माप घेऊन गाडीकडे वळला. धाकट्याची बायको नरसाळं धरून उभी राहिली.

"चालू नाही, तरी आपलीच आहे," तो तेल ओतत म्हणाला. "मी कधी भेद केला नाही."

"नाही केलात, भावजी."

तिनं नरसाळं पुसून खुंटीला अडकवलं आणि ताटं मांडायला आत गेली. एक कमी मांडायचं, हे आता तिला सांगावं लागत नव्हतं.