शारजाला निघालेल्या पेट्या

सरकारी माणूस आपल्या पायानं दारात आला, तेव्हाच विनताच्या मनात पाल चुकचुकली. आजवर सरकारकडे जायचं म्हणजे तिनं जायचं, रांगेत उभं राहायचं आणि 'साहब खाने पे गए हैं' ऐकून परत यायचं, असाच शिरस्ता होता. आणि आज निर्यात कक्षातला अधिकारी, अच्युत पिंगळे, घमापुरच्या गल्लीत स्कूटर लावून सरळ तिच्या शिलाईच्या खोलीत येऊन उभा राहिला होता.

खोलीत सहा बायका मशीनवर होत्या. सलवार सूट शिवणारे लहानमोठे कारखाने जबलपुरात गल्लोगल्ली आहेत. विनताचा त्यातला एक. नवरा वारल्यावर ती अधारतालला वडिलांकडे परतली आणि आईच्या नावानं तिनं 'सुजाता ड्रेसेस' सुरू केलं. सुती सूट आणि गळ्याभोवती कापडाच्या तुकड्यांची हातानं बसवलेली नक्षी, हा तिचा माल.

"विनताताई, मराठीतच बोलतो," अच्युत स्टूल ओढून बसला. "घरी पोरं हिंदीतच उत्तरं देतात, सवय मोडत चालली. तर असं आहे, शारजाला कपड्यांचं मोठं प्रदर्शन भरतंय. आपला माल बाहेरच्या देशात जावा म्हणून सरकार लहान कारखानदारांना नेणार आहे. स्टॉल सरकारचा, तिकीट सरकारचं, माल पाठवायचा खर्चही सरकारचा."

"मीच काहून, साहेब? मोठे मोठे कारखाने पडले आहेत शहरात."

"त्यांच्यासाठी वेगळी योजना आहे. ही अनुसूचित जातीच्या उद्योजकांसाठी आहे. जातीचा दाखला तेवढा काढून ठेवा."

मागची मशीन थांबली. सगळ्यांत जुनी कारागीर कलावती मान वर करून बघत होती. विनतानं चहा मागवला आणि हो म्हटलं.

घरी तिनं वडिलांना सांगितलं. सुखराम रामटेके खमरियाच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात माल तपासायच्या विभागात होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी तपासायची सवय गेली नव्हती. दुधाची पिशवीसुद्धा ते उजेडात धरून बघत.

"पुन्हा तेच," ते म्हणाले.

त्याचा अर्थ विनताला माहीत होता. ती शाळेत असताना कारखान्याच्या कॉलनीत एक सहकारी सोसायटी निघाली होती. राखीव कोट्यातली मदत मिळावी म्हणून सुखरामांना अध्यक्ष केलं गेलं. खुर्ची त्यांची, कारभार दुसऱ्यांचा. सोसायटी बुडाली तेव्हा कारभार करणारे बदल्या घेऊन निघून गेले आणि कोर्टाचा माणूस सुखरामांच्या क्वार्टरचं दार वाजवत आला. आईनं आतून कडी लावून बाबांना आणि तिला न बोलता बसवून ठेवलं होतं, ती दुपार विनता विसरली नव्हती.

"तवाबी एक साहेब असाच घरी आला होता," सुखराम म्हणाले. "चहा पिऊन गेला. मराठीच बोलत होता."

"बाबा, सगळे सारखे नसतात."

"नसन. पण पेटीवर नाव तुह्यं राहीन, अन् पेटीत काय हाय ते दुसऱ्याले माहीत राहीन. पकडली गेली, तर तिकडच्या जेलात कोण बसन? तो पिंगळे?"

विनता हसली, पण ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना.

आठवड्यानं ती कागद द्यायला कक्षात गेली, तर अच्युतच्या टेबलासमोर भय्यासाहेब सुभेदार पाय पसरून बसलेले. भय्यासाहेबांचे पूर्वज मराठ्यांच्या नोकरीत इकडे आले, असं ते स्वतःच चारचौघांत सांगत. शहरात त्यांची मालाची गोदामं होती, ट्रक होते आणि कपड्यांचा मोठा कारखानाही होता. दोघं काहीतरी बोलून हसत होते. विनताला बघून हसणं थांबलं.

"या ताई," अच्युत म्हणाला. "सगळ्यांचा माल एकत्र जाणार. पेट्या भय्यासाहेबांच्या गोदामात जमा करायच्या. मालवाहतुकीचं टेंडर त्यांनाच मिळालंय."

"तुमच्या गळ्याची डिझाइनं बघितली मी," भय्यासाहेब म्हणाले. "बहुत बढिया. जपून ठेवा."

हे कौतुक होतं की इशारा, विनताला कळेना. वर अच्युतनं तिच्या कंपनीच्या कोऱ्या कागदावर सही मागितली. कस्टमच्या एजंटला लागते, मजकूर नंतर टाइप होतो, सगळेच देतात, असं तो घाईघाईनं म्हणाला. भय्यासाहेब बघत होते. तिनं सही केली, आणि जिना उतरतानाच तिला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

ते तिनं घरी सांगितलं. पेट्या कोणाच्या गोदामात जाणार, तेवढं सुखरामांनी विचारून घेतलं. 

पेट्या गोदामात गेल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन ओढण्या कारखान्यातच राहिल्या. त्या घेऊन ती गोदामात गेली. तिच्या पेट्या कोपऱ्यात होत्या, पण तिनं लावलेली पारदर्शक टेप त्यांवर नव्हती. त्या जागी खाकी टेप होती. तिनं एक पेटी तिथंच फोडली. सगळे सूट होते, पण घड्या तिच्या नव्हत्या. प्रत्येक सूट उलगडून कोणीतरी पुन्हा ठेवला होता.

"भैया, ये किसने खोला?"

चौकीदारानं नजर चुकवली. "हमको नहीं मालूम, दीदी. साहब लोगों से पूछिए."

'साहब लोग' एवढंच तिला पुरलं. भय्यासाहेबांनी नमुने उतरवून घेतले, पिंगळेनं पेट्या उघडू दिल्या आणि कोऱ्या कागदावरची सही आहेच! तिच्या डोक्यात सगळं एकाला एक जुळत गेलं. तिनं तिथूनच सरकारी हेल्पलाइनला फोन लावून अच्युत पिंगळेच्या नावानं तक्रार नोंदवली, आणि तशीच रिक्षा करून कक्षात गेली.

"माझ्या पेट्या कोणाच्या सांगण्यावरून उघडल्या?" ती दारातूनच म्हणाली. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "जातीचा दाखला पाहिजे, सही पाहिजे, नाव पाहिजे. आणि माल कोणाच्या घशात घालायचा होता, पिंगळे साहेब?"

अच्युत उभा राहिला. "ताई, मी तुमच्या पेट्यांना हातही लावलेला नाही."

"मग त्या काय आपोआप उघडल्या?"

तो पुन्हा बसला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला नाही. "पेट्या आजच तुमच्याकडे परत पाठवतो. नीट बघा, पुन्हा भरा. मुदत उद्यापर्यंत आहे."

संध्याकाळी पेट्या घमापुरला आल्या. बायकांना घरी पाठवून फक्त कलावतीला थांबवून घेत विनता एकेक पेटी उघडू लागली. आता राग ओसरला होता आणि हात सवयीनं चालत होते. तिसऱ्या पेटीशी कलावती म्हणाली, "ज्यानं कोणी बांधलं, त्यानं मोठ्या निगुतीनं बांधलं बाई. चोर असं बांधत नसन."

विनतानं टेपकडे पाहिलं. प्रत्येक कोपरा कात्रीनं तिरका कापून, दुमडून, सुरकुती न पडू देता चिकटवला होता. आत झाकणाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण होती. बाबा खमरियात तपासलेल्या मालावर अशीच खूण करत, आणि तिच्या शाळेच्या दप्तरापासून लग्नातल्या ट्रंकेपर्यंत सगळ्यावर तिनं ती पाहिली होती.

पेट्या कलावतीवर सोपवून तिनं घर गाठलं.

घरी सुखराम बातम्या बघत होते. तिनं टीव्ही बंद केला.

"बाबा, गोदामात तुम्ही गेले होते?"

"गेलो होतो." त्यांनी लपवलं नाही. "चौकीदार आपल्या शेजारच्या सुदाम्याचा साळा हाय. पेट्या उघडल्या, पाहिल्या, बांधल्या."

"काहून?"

"तुह्या कपड्यात कोणी काही टाकलं तं नाही, हे पाहाले."

"सापडलं काही?"

"नाही."

"मी त्या माणसाच्या नावानं तक्रार केली बाबा. अख्ख्या ऑफिससमोर त्याला चोर म्हणून आले."

सुखराम म्हणाले, "ते तू घाई केली. पण पाहिलं, हे चुकलं असं मी म्हणणार नाही. मी तवा पाहिलं असतं, तं तुह्या मायले दाराआड लपून बसा लागलं नसतं."



दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं हेल्पलाइनला फोन करून तक्रार मागे घेतली आणि कक्षात गेली. अच्युत तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन आला. तिनं काही न लपवता सगळं सांगितलं, वडिलांचं नाव घेऊन.

तो म्हणाला, "तक्रार बंद झाली, कळलं मला. पण ती वर भोपाळला पोचली होती. शारजाला तुमच्याबरोबर जाणाऱ्या तुकडीतून माझं नाव काढलंय. दुसरा कोणी येईल."

"साहेब, मी लिहून देते. चूक माझी आहे म्हणून."

"द्या. फाइलला लागेल." तो खाली रस्त्याकडे बघत होता. "एक विचारू? तुमचा संशय भय्यासाहेबांवरही होता. गोदाम त्यांचं, कारखाना त्यांचा. तक्रारीत त्यांचं नाव का नाही घातलंत?"

 खरं उत्तर तिला माहीत होतं. भय्यासाहेबांचे ट्रक होते, ओळखी होत्या, आणि घमापुरच्या गल्लीतला तिचा कारखाना ते एका फोनवर बंद पाडू शकत होते. हा माणूस मात्र स्कूटरवर आला होता, स्टुलावर बसला होता.

"त्यांची भीती वाटली," ती म्हणाली.

"अच्छा." एवढंच बोलून तो आत गेला.

शारजाला तुकडीबरोबर आलेला अधिकारी पहिल्या दिवशी स्टॉलवर फोटो काढून जो गेला, तो परतीच्या विमानातच दिसला. ग्राहकांच्या भेटी अच्युतनं ठरवल्या होत्या. त्या कोणाशी, कुठं, हे सांगणारं कोणी नव्हतं. विनता मोडक्या हिंदी-इंग्रजीत स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवत राहिली. पलीकडच्या रांगेत भय्यासाहेबांच्या कारखान्याचा स्टॉल होता. ती मुद्दाम जाऊन त्यांचे गळे निरखून आली. नक्षी तिची नव्हती. मालाबरोबर आलेल्या कागदांतही तिच्या सहीवर कस्टमचाच मजकूर होता. तिला हायसं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

शेवटच्या दिवशी एक केरळी बाई आल्या. त्यांची तिकडे चार दुकानं होती. त्यांनी शिवणी उलट्या करून पाहिल्या आणि सुटांची ऑर्डर द्यायची तयारी दाखवली, पण माल आधी, पैसे नंतर. विनता आनंदली, मग घाबरली. बाई खऱ्या कशावरून? विचारायला एकच माणूस होता. तिनं जबलपूरला फोन लावला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं.

अच्युतनं उचलला. बाईंचं नाव, दुकानांची नावं विचारून घेतली आणि थोड्या वेळानं उलट फोन केला. "व्यवहार चांगला आहे त्यांचा. तरी निम्मी रक्कम आधी मागा. आणि उधारीचा विमा काढता येतो, त्याचा अर्ज पाठवतो. विनय म्हणून नवीन मुलगा आहे आमच्याकडे, पुढचं तो बघेल."

"साहेब, तुम्हीच बघितलं असतं तर..."

"विनय हुशार आहे, मॅडम," तो म्हणाला.

आपण 'ताई'ची 'मॅडम' झालो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

बाईंनी निम्मी रक्कम कुरकुर न करता पाठवली. पावसाळा संपता संपता पहिला माल रवाना झाला, तोही भय्यासाहेबांच्याच ट्रकमधून, कारण दर त्यांचाच परवडणारा होता. विनतानं अच्युतला कारखान्यात चहाला बोलावलं होतं. त्यानं कामाचं कारण सांगून टाळलं. सुखराम मात्र त्या दिवशी सकाळी खादीचा कुडता घालून, कोणाला न सांगता, बसनं अच्युतच्या कक्षात जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. विनतानं दोनदा विचारलं.

"चहा पाजला त्यानं," एवढंच ते म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.