जोडीनं फेडायचा नवस

"देवळं सकाळी उरकायची. ऊन चढलं की होडीत बसून नुसती नदी बघायची. आणि होडीवाल्याला भाव आधी विचार, बसल्यावर नाही!"

हे असंच सांगायचे, बोट वर करून. तेच शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले आणि आमटीचा डाव माझ्या हातात तसाच राहिला.

समोर बसलेली अनघा मोबाइलवर टिपून घेत होती. "मावशी, पुढे सांगा ना. बँकॉकला तीनच दिवस आहेत आमच्याकडे."

अनघा आणि अनिमेष इथे सिंगापुरातच बुओना व्हिस्टाला राहतात. तो संशोधन करतो, ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, तेव्हापासून मरीन परेडला माझ्याकडे अधूनमधून जेवायला येतात. बँकॉकला मी आणि हे एकदाच गेलो होतो, पण तिला वाटतं मला तिथलं सगळं ठाऊक आहे.

"नदीपलीकडचं पहाटेचं देऊळ बघा," मी म्हटलं. "पायऱ्या अगदी उभ्या आहेत, उतरताना आडवं उतरायचं. मग निजलेला बुद्ध. लोक नुसता त्याचा चेहरा बघून परततात. तुम्ही तळपाय बघा. शिंपल्यांचं काम आहे, डोळे निवतात."

"आणि मॉल?" अनिमेषने विचारलं.

"मॉल बघायला सिंगापूर सोडून कशाला जायचं रे?"

"तिकडे स्वस्त असतं, मावशी."

"आला मोठा हिशेबी," अनघा म्हणाली. "हॉटेल घेताना कुठे गेलं होतं तुझं स्वस्त?"

"जा बाबांनो, मॉलमध्येही जा," मी म्हटलं. "तिथेच मोठ्या चौकात चार तोंडांचा ब्रह्मदेव आहे. तिथे माझं एक काम राहिलंय."

मग त्यांना सांगावंच लागलं. आम्ही गेलो तेव्हा ह्यांच्या बायपासची तारीख ठरलेली होती. डॉक्टरांनी आधी थोडी विश्रांती घ्या म्हटलं, म्हणून ती छोटीशी सहल. त्या चौकात झेंडूच्या माळा घेऊन माणसं उभी होती. मीही उभी राहिले आणि मनात म्हटलं, ह्यांना सुखरूप बाहेर काढ, आम्ही जोडीनं येऊन हार घालू. ह्यांना कळलं तेव्हा हसले. "आपल्याकडे ब्रह्मदेवाला कोणी विचारत नाही, म्हणून इकडे दुकान थाटलंय वाटतं त्याने." पण पुढे गेल्यावर आपणहून म्हणाले, "येऊ हं परत. जोडीनं."

सिंगापूरला परतल्यावर ऑपरेशन छान झालं. नोव्हेनाच्या इस्पितळातून हे स्वतः चालत बाहेर आले. मग कधी ह्यांचा प्रोजेक्ट, कधी माझी रजा. मी तिथेच नोव्हेनाला एका डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये समोरच्या टेबलावर बसते. पेशंटची नावं पुकारायची, थेंब घातले की डोळे मिटून बसा म्हणायचं. रजा मागायचा मला संकोच वाटतो. जाऊ जाऊ म्हणताना एका सकाळी हे चहाला उठलेच नाहीत.

रोज देवापुढे दिवा लावल्याशिवाय मी पाणी घेत नाही. दिवा लावला की ते बोलणं आठवतं. माणूस मागितला होता, तो मिळाला. पुढे किती दिवस मिळावा ते मीच बोलले नव्हते. म्हणजे हार द्यायचा राहिला तो माझ्याकडूनच. पण जोडी आणायची कुठून?

"म्हणून आज तुम्हाला मेहूण म्हणून बोलावलंय," मी म्हटलं. "आमच्या जागी तुम्ही दोघं जाऊन हार घाला. जोडीनं."

अनिमेष एकदम नीट बसला. जेवणं झाल्यावर मी ओटीचं ताट आणलं. खण, नारळ, तांदूळ. कुंकवाचा करंडा अनघापुढे सरकवला. "तूच लावून घे."

"का? तुम्ही लावा."

"मी नको गं."

"मावशी, मग मी ओटी घेणार नाही. ठेवा तो नारळ, चटणी करा." तिने कपाळ पुढे केलं आणि डोळे मिटून बसली, आमच्या पेशंटसारखी.

मी लावलं. जरा तिरकं लागलं.

आठवड्याने अनघा आली. एकटीच. वाळवलेल्या आंब्याचं पाकीट माझ्या हातात देऊन चपलांच्या कपाटाशीच उभी राहिली.

"मावशी, ते झालं नाही."

"बस तरी."

"शेवटच्या दिवशी जाऊ म्हटलं. नेमकी त्याला सरांची ऑनलाइन मीटिंग आली. मी म्हटलं, तासभर चल. तो म्हणाला, तूच जा, देवाला काय कळतंय. भांडलोच आम्ही. मी एकटी गेले. हारही घेतला. पण तुम्ही जोडीनं म्हणाला होतात. एकटीने घातला तर तुमचं अर्धंच फिटेल असं वाटलं. हारवाल्या बाईला परत देऊन आले."

मला वाईट वाटलं. तिला दिसू नये म्हणून मी पाणी आणायला उठले. परत आल्यावर विचारलं, "तिथे बाकी सगळी जोडीनं आलेली होती का?"

"छे. एकेकटीच होती कितीतरी. ऑफिसच्या कपड्यांतली एक मुलगी होती, पायात स्लिपर, बूट पिशवीत. एक म्हातारी होती. तिला गुडघ्यावर बसता येईना, तर बाजूच्या पोरीने धरलं तिला."

"त्या म्हातारीला कोणी विचारलं, तुझा नवरा कुठाय म्हणून?"

"नाही हो. कोण विचारणार?"

खालच्या मैदानातून पोरांचा आवाज येत होता. माझ्या मनात आलं, जोडीवर अडून बसले ती मीच. देव चार तोंडांनी चारी दिशांना बघतो, त्याने काही अडवलं नव्हतं.

"अनिमेषशी बोलतेस ना?" मी विचारलं.

"आज सकाळी चहा केला त्याने. पाणचट होता."

"प्यायलीस?"

"प्यायले." ती हसली, मग डोळे पुसले.

"तिकीट मोबाइलवर कसं काढतात गं?" मी म्हटलं. "जायचं आणि यायचं. एकाचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मी येते तुमच्याबरोबर."

"नको. तू तुझ्या माणसाबरोबर जा कधीतरी."

सोमवारी क्लिनिकमध्ये रजा मागितली. इतकी वर्षं जी मागायला संकोच वाटत होता, ती एका वाक्यात मिळाली.

शनिवारी दिवा लावला, पाणी घेतलं, गॅस बंद आहे का ते दोनदा पाहिलं. विमानतळाची बस घराजवळच मिळते. सकाळची वेळ, बस निम्मी रिकामी होती. मी खिडकीशी बसले आणि पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. दोन स्टॉपनंतर गर्दी झाली. विमानतळावर काम करणारी, गणवेशातली एक बाई माझ्यापाशी थांबली आणि पिशवीकडे बोट दाखवून तिने इंग्रजीत विचारलं, इथे कोणी आहे का.

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"नो," मी म्हटलं. "सिट, प्लीज."