शजऱ्यातले पेन्सिलीचे नाव

मी एक जुना खोडरबर आहे, मित्रांनो. झिजून आता बोराएवढा उरलो आहे. नूरुद्दीन आखातातल्या मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत नकाशे काढत, तेव्हा मी त्यांच्या टेबलावर असे. नळाची रेघ चुकली की ते मला उचलत. "ह्याच्यामुळे माझा कागद स्वच्छ," असे ते म्हणाले की मी फुशारून जाई.

संध्याकाळी ते मला खिशात घालून बनेद अल-गार वस्तीतल्या घरी नेत आणि त्यांची मुलगी असमा माझा ताबा घेई. तिला युरोपातल्या जुन्या राजघराण्यांचा नाद होता. नॉर्वेची एक सात वर्षांची राजकन्या स्कॉटलंडची राणी व्हायला बोटीने निघाली होती. इंग्लंडच्या राजपुत्राशी तिचे लग्नही ठरले होते. ती वाटेतच वारली. असमा तिची वंशावळ काढी, मृत्यूचे १२९० हे साल माझ्याकडून खोडून घेई आणि खाली रेघ ओढी: लग्न, मुले, दोन राज्यांचा एक मुकुट. मग त्या दोन राज्यांतल्या पुढच्या लढाया होतच नसत.

नूरुद्दीनही आपल्या घराण्याची वंशावळ ठेवत. तिला ते शजरा म्हणत. त्यात फक्त मुलगे होते.

"अब्बा, ह्याच्यात माजा नाव नाय?" असमाने एकदा विचारले.

त्यांनी हसून ते पेन्सिलीने लिहिले. पण रत्नागिरीहून त्यांचे थोरले भाऊ हुसेन आले आणि शजरा पाहून म्हणाले, "पोरगी परक्या घरची. तिचा नाव हितं कशाला?" नूरुद्दीनांनी मला उचलले. असमा दारात उभी होती. कागदावर पेन्सिलीचा दाब तेवढा उरला.

१९६४ साली तिचे लग्न दापोलीला ठरले. बोटीवर चढताना ती एवढेच म्हणाली, "परत येईन तवा माजा नाव दिसला पायजे, अब्बा."

वाटेत तिला ताप भरला. मुंबईचा किनारा दिसण्याआधीच ती गेली.

तार आली तेव्हा नूरुद्दीनांनी मला त्या तारेच्या कागदावर घासले. पुन्हा पुन्हा घासले. अक्षरे शाईची होती. ती गेली नाहीत, कागद मात्र फाटला.

मग त्यांनी शजरा बाहेर काढला. तो जुना दाब बोटाने चाचपला आणि त्याच वळणांवरून टाकाने शाई फिरवली. असमा. खाली रेघ नाही.

मित्रांनो, मला जपून वापरा. मी चुका खोडायला आहे, माणसे नाही. ते नाव आता मला खोडता येणार नाही, याचे समाधान वाटते. पण त्यांनी ते पहिल्यांदा पेन्सिलीने लिहिले, तेव्हाही शाईची दौत त्याच टेबलावर, माझ्या शेजारीच होती.