गौरम्माच्या पोटातली पिंड

बेलाचं एक पान. तिन्ही दळं सुकलेली, तरी थरथरणारं.

नव्या लातूर जिल्ह्याची नवी पाटी. रंग ताजा, शेजारची विहीर कोरडी.

टँकर एकाच दारापुढं थांबतो आणि उरलेलं गाव हंडे घेऊन त्याच्यामागं पळतं.

काचेची पट्टी. तिच्यावर गुलाबी रंगाचा पातळ काप.

आणि एक शब्द, निम्मा सांडलेला.

हे सगळं एकाच बाईच्या पोटाचं. बाई उदगीरच्या वाटेवरल्या गावची, नाव गौरम्मा.

डॉक्टर पंचशीला त्या गावात शिरली तेव्हा मंडपात मुंगीला जागा नव्हती. मधोमध बाजेवर गौरम्मा उताणी पडलेली. अंगाची नुसती काडी. पोटावर बेलाचं पान, आणि ते पान जागच्या जागी आपोआप उडत होतं. टुक, टुक, टुक. बाया तिच्या पोटावर तांब्यानं पाणी सोडत होत्या आणि खाली परातीत जमलेलं तीर्थ म्हणून घरी नेत होत्या.

शेजारी किशनबुवा. हाच गडी मागं उदगीरच्या बाजारात दंतमंजन विकायचा. आवाज तोच, माल बदललेला.

"माझं ऐकू नका मायबाप, डॉक्टरचं ऐका! मशिनीत बघून डॉक्टर स्वतः म्हनला, हिच्या पोटात पिंड हाय! फोटोत पांढरीशुभ्र दिसली! कैलासाचा बरफ हाय, बरफ!"

गौरम्माला लातूरच्या ज्या दवाखान्यात तपासलं, तिथंच पंचशीला पॅथॉलॉजिस्ट होती. सर्जन काय म्हणाला होता ते तिनं कानांनी ऐकलं होतं. "मूत्रपिंडावर गाठ आहे. कॅन्सरची वाटत नाही, साधी दिसते. पण रक्तवाहिन्यांनी भरलेली आहे, फुटू शकते. कुणाला दाबू देऊ नका. काढून टाकू." गौरम्माचा नवरा बसलिंगप्पा यानं हे घरी नेताना 'मूत्र' वाटेत सांडलं आणि 'पिंड' तेवढी राखली. पुढं ऑपरेशनला दोघं आलेच नाहीत. म्हणून पंचशीला आली होती.

ती बाजेपाशी वाकली. "अक्का, चला माझ्यासंगं."

गौरम्मानं डोळे उघडले नाहीत. "पिंड काढली तर टँकर दारापुढं थांबल का, डॉक्टरीणबाई?"

टँकरचा ड्रायव्हर पिंडीचा भगत झाला होता. गौरम्माचे हंडे आधी भरत, मग गावाचे.

"ह्या जयभीमवाल्या," बुवा गर्दीला डोळा घालून म्हणाला, "ह्यांना कुठला आलाय देव?"

"देव न्हाई बुवा, नाडी हाय. दाखवते. गावात सगळ्यात वाळलेला कोण हाय?"

"सगळेच की!" मागून कुणीतरी म्हणालं. "व्यंकटीला घ्या, त्याची तर सावलीबी पडंना!"

लोक हसले. व्यंकटीला आडवं केलं. पंचशीलानं त्याच्या खपाटीला गेलेल्या पोटावर, बेंबीच्या जरा वर, दुसरं पान ठेवलं. "श्वास धर."

टुक, टुक, टुक.

"आगं बाबो!" व्यंकटी स्वतःच्याच पोटाला भ्याला. "मह्याबी पोटात महादेव?"

"कण्याच्या पुढून मोठी रक्तवाहिनी जाते," पंचशीला म्हणाली. "काळजाचा दर ठोका तिच्यात उसळतो. पोटावर मांस असलं की दिसत न्हाई. तुम्ही वाळलात म्हणून दिसतो. अक्काच्या गाठीनं तो आणखी वर आणला, एवढंच. दुष्काळात ज्याच्या त्याच्या पोटावर पान नाचंल."

आता कुणी हसलं नाही. बसलिंगप्पा पुढं झाला. "उठ गौरा. लई झालं." तो बाज उचलायला वाकला.

बुवाचं दुकान उठत होतं. "थांब रं! ही बघा, जागी हाय पिंड!" म्हणत त्यानं दोन्ही पंजांनी तिची कूस दाबली. "बघा कशी कडक..."

गौरम्मा एकदाच ओरडली. मग तिचा रंग उतरला आणि कूस तट्ट फुगली.

टँकरच्याच केबिनमध्ये तिला घातलं. लातूर लांब होतं; ती वाटेतच गेली.

गाठीचा काप पंचशीलानंच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जाड भिंतींच्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या, स्नायूंचे धागे, आणि चरबी. कॅन्सरची एकही पेशी नाही. साधी गाठ. तिच्या वाहिन्यांना लवचीकपणा नसतो, म्हणून ती दाबली की फुटते. फोटोतला कैलासाचा बर्फ म्हणजे ही चरबी. वाळून काडी झालेल्या त्या बाईच्या अंगात चरबी उरली होती ती एवढ्याच जागी.

पंचशीला पुन्हा गावात गेली. किशनबुवा तोवर दुसऱ्या गावी पोचला होता. विहिरी तिथंही कोरड्याच होत्या. मंडपाच्या खांबांपाशी लोक मान खाली घालून बसले होते.

"देव माना, न माना," ती म्हणाली. "पण पान हललं तर हात जोडायच्या आधी विचारा, खाली काय हलून राहिलं? आणि डॉक्टर बोलला तर अख्खा शब्द घरी आणा. कळला न्हाई तर परत येऊन विचारा."

गौरम्माच्या हुकलेल्या ऑपरेशनची तारीख सोमवारची होती. त्या दिवशी गावात टँकर यायचा होता.